नांगर सुटला, ताट मात्र तेच राहिले

पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण हे गाव कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. भामा, इंद्रायणी व भीमा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील शेतकरी आपला माल येथे आणीत आला आहे. परंतु आज ह्याच बाजाराच्या आसपास बैलगाड्यांऐवजी मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या मालमोटारींची रांग लागलेली असते. ह्या पट्ट्यातील बदलाला पिंपरीपासून प्रारंभ झाला. १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले व भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील माळरानांवर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढे खेड तालुक्यातील महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी ह्या गावांच्या शिवारांतही औद्योगिक वसाहत पोहोचली.

जमीन गेली, तिचा मोबदला आला, घरे पक्की झाली, मुले कारखान्यांत कामास लागली, भाडेकरूंसाठी खोल्या बांधल्या गेल्या. ह्या सर्वांची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर व बँकेच्या पुस्तकात झाली. एका गोष्टीची नोंद मात्र कोठेच झाली नाही. नांगर, मोट, खुरपे व डोक्यावरचा भारा ह्यांमध्ये शरीराची जी शक्ती रोज खर्च होत होती, तो खर्च थांबला. जेवणाचे ताट मात्र पूर्वीइतकेच भरलेले राहिले, किंबहुना त्यात तेल, साखर व बेकरीच्या पदार्थांची भर पडली. चाळिशी-पन्नाशीतील अनेक शेतकरी बंधुभगिनींच्या पोटाचा घेर, गुडघ्यांचे दुखणे, रक्तदाब व मधुमेह ह्यांचे मूळ पुष्कळ अंशी ह्या जमाखर्चात सापडते.

शरीराचा जमाखर्च

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषास भारी अंगमेहनतीचे काम असता दररोज सुमारे ३,४७० उष्मांक लागतात. तोच पुरुष बैठे काम करू लागला, तर त्याची गरज २,११० उष्मांकांवर येते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत हेच आकडे २,७२० व १,६६० असे आहेत.

म्हणजे दिवसभर औत हाकणारा शेतकरी जेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर अथवा पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसू लागतो, तेव्हा त्याच्या शरीराची मागणी रोज १,३६० उष्मांकांनी घटते. ज्वारी-बाजरीच्या पिठाच्या भाषेत सांगावयाचे, तर हे जवळजवळ ४०० ग्रॅम पीठ झाले. पूर्वी कष्टात खपून जाणारे हे पीठ आता पोटात जातच राहिले, तर शरीर ते फेकून देत नाही. त्याचे चरबीत रूपांतर करून साठवून ठेवते. एक किलो चरबीमध्ये सुमारे ७,७०० उष्मांक साठतात, हे लक्षात घेता रोजचा थोडासा वाढावाही काही वर्षांत केवढा होतो, ह्याचा अंदाज येईल.

शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून देण्यास शेताचेच उदाहरण पुरेसे आहे. गव्हास गरजेपेक्षा अधिक युरिया दिला, तर पीक हिरवेगार व भरघोस दिसते. पण ते लुसलुशीत वाढते, कीड-रोगास लवकर बळी पडते व वाऱ्यापावसात लोळते. दिसण्यातील भरघोसपणा म्हणजे पिकाचे आरोग्य नव्हे. माणसाच्या अंगावरील मांदेपणाचेही तसेच आहे. 'खात्यापित्या घरचा' म्हणून पोटाच्या घेराकडे कौतुकाने पाहण्याची रीत आता सोडून द्यावयास हवी.

सडपातळ देहातील छुपी चरबी

येथे एक शंका येईल. आपल्याकडील पुष्कळ माणसे तर अंगाने बारीकच असतात. मग त्यांना ह्या उपदेशाची काय गरज? ह्या शंकेचे उत्तर पुण्याच्याच संशोधनाने दिले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के भरली.

हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले; इंग्लंडमधील बालकांचे ते ३.५ किलो होते. आपली बालके सर्व बाजूंनी लहान होती, स्नायूंनी कमी होती. चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपुऱ्या पोषणातून आलेला हा देहधर्म काटकसरीचा आहे. तुटपुंज्या अन्नावर तो तग धरतो. पण अन्न मुबलक व श्रम थोडे अशी स्थिती आली की चरबी पोटात, यकृताभोवती साठवू लागतो आणि मधुमेहाचा धोका वाढवितो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. शिंप्याची टेप हे ह्या कामी उत्तम साधन आहे. शेवटची बरगडी व कमरेचे हाड ह्यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडलेल्या स्थितीत, पोटाचा घेर मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, व स्त्रीचा ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, ह्यांहून अधिक भरल्यास सावध व्हावे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन ६३ किलोच्या पुढे गेल्यास ते जास्त व ६८ किलोपासून स्थूलता, असे भारतीयांसाठीचे प्रमाण आहे. जमीन संपादनाच्या वेळी शेताची मोजणी झाली. आता घरातील प्रत्येक मध्यमवयीन माणसाच्या कमरेची मोजणी होणे अगत्याचे आहे.

घरखर्चाचा नवा हिशोब

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत बेतशीर श्रमाच्या प्रौढ माणसासाठी, म्हणजे सुमारे २,००० उष्मांकांच्या आहारासाठी, रोजचे प्रमाण सांगितले आहे. त्यानुसार तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये अथवा अंडी-मांस-मासे ८५ ग्रॅम, सर्व प्रकारच्या भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध अथवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-जवस आदी ३५ ग्रॅम व तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असावे. धान्ये व डाळी ह्यांची वजने कच्च्या मालाची आहेत.

घराचा बाजार महिन्याच्या हिशोबाने होतो. म्हणून पाच प्रौढ माणसांच्या घरास ३० दिवसांसाठी हे प्रमाण असे बसते :

धान्य : साडेसदतीस किलो
डाळी व कडधान्ये : पावणेतेरा किलो
भाजीपाला : ६० किलो
फळे : १५ किलो
दूध : ४५ लिटर
शेंगदाणे, तीळ, जवस : सव्वापाच किलो
तेल व तूप : सुमारे चार किलो

गृहिणीने ही यादी आपल्या घरच्या खरेदीशेजारी ठेवून पाहावी. बहुतेक घरी धान्य व तेल ह्या यादीहून अधिक आणि भाजी व डाळ कमी, असा उलटा प्रकार दिसून येईल. सुधारणेची सुरुवात येथूनच व्हावयास हवी. वजन कमी करावयाचे असल्यास धान्याचे रोजचे प्रमाण २०० ग्रॅमपर्यंत आणावे व ताटातील मोकळी झालेली जागा भाजीने व उसळीने भरावी. भाकरीचा आकार घरोघर निराळा असतो. म्हणून भाकऱ्यांची संख्या न मोजता एकदा पीठ तोलून पाहावे व त्यावरून आपल्या घरची भाकरी किती ग्रॅमची, हे ठरवावे.

पोट रिकामे ठेवून हा कार्यक्रम तडीस जात नाही. जेवणास बसताना प्रथम काकडी, मुळा, गाजर अथवा टोमॅटो ह्यांची कोशिंबीर व पालेभाजी घ्यावी, नंतर उसळ अथवा आमटी, व त्यांच्या जोडीने भाकरी खावी. ताटाचा अर्धा भाग भाजीने व्यापलेला असावा. ज्वारी-बाजरीचे पीठ चाळून कोंडा टाकू नये. कोंड्यामुळे पोट भरल्याची जाणीव टिकते. मावळचा इंद्रायणी भात चवीस कितीही उत्तम असला, तरी तो भाकरीच्या जागी घ्यावा; भाकरी संपल्यावर वर आणखी भात, असे होऊ नये.

तेल, साखर व उपवास

एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात. पिठात किंवा साखरेत ते सुमारे निम्म्याहून कमी असतात. ह्यामुळे तेलातील काटकसर सर्वांत लवकर फळ देते. महिन्याच्या पहिल्या दिवशी घरासाठी साडेचार लिटर तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवावे व महिनाभर त्यातच भागवावे. फोडणी बुधल्यातून न ओतता चमच्याने घालावी. नाक्यावरील वडापाव व भजी ही रोजची न्याहारी नसून क्वचित घ्यावयाची चैन आहे, असे समजावे.

साखरेचा प्रकार अधिक फसवा आहे. घरी पाहुणे, कचेरीत ओळखीचे, चावडीवर मित्र. प्रत्येक ठिकाणी चहा होतो. दिवसाचे सहा कप व कपास दोन चमचे साखर धरली, तरी ६० ग्रॅम साखर व २४० उष्मांक होतात. मार्गदर्शिकेनुसार दिवसाची साखर २० ते २५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. चहाचे कप तीनवर आणून साखर एक चमचा केल्यास हे सहज साधते. साखरेऐवजी गूळ घेतल्याने उष्मांकांत विशेष फरक पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मिठाचे प्रमाण दिवसास ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, एवढेच असावे. त्यात लोणचे व पापडही मोजावेत.

आळंदी-देहूच्या परिसरात एकादशी घरोघर पाळली जाते. परंतु 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, तूप व बटाटा पडला म्हणजे उपवासाच्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक उष्मांक पोटात जातात. उपवासास ताक, फळे, काकडीची कोशिंबीर, मूठभर दाणे व बेताची भगर घेतल्यास व्रतही पाळले जाते आणि शरीरासही विश्रांती मिळते.

काय तोडू नये

वजन घटविण्याच्या भरात काही जण दूध, डाळ व अंडी सोडून देतात आणि केवळ भात-भाजीवर राहतात. ही चूक महागात पडते. चाळिशीनंतर स्नायू आपोआपच हळूहळू घटू लागतात. प्रथिने कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात व माणूस हलका न होता दुबळा होतो. म्हणून हुलगा, मटकी, मूग, हरभरा, तूर ह्यांपैकी एक तरी प्रत्येक जेवणात असावे. खेड-जुन्नरच्या शेतकऱ्यास हुलग्याचे माडगे नवे नाही. ते पुन्हा चुलीवर यावयास हवे.

पुणे परिसरातील खेडी, झोपडवस्त्या व मध्यमवर्गीय वस्त्या ह्यांमधील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव आढळली. हे जीवनसत्त्व धान्यात व भाजीत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस ह्यांतून मिळते. सबब शाकाहारी माणसाने दूध-दही कधीही सोडू नये.

घरातील कर्त्या स्त्रीची गोष्ट निराळी सांगावयास हवी. ती सर्वांच्या मागून जेवते व 'अन्न टाकू नये' म्हणून उरलेला भात अथवा पोळी स्वतःच्या ताटात घेते. अन्नाची नासाडी वाचते, पण तिचे शरीर हेच उरल्यासुरल्या अन्नाचे कोठार बनते. स्वयंपाक मोजका करणे आणि सर्वांनी एकत्र बसून जेवणे, हा त्यावरील उपाय आहे. रात्रपाळीच्या कामगारानेही पाळीवर जाण्यापूर्वी घरी पूर्ण जेवून जावे, मध्यरात्री फळ अथवा भाजलेले फुटाणे ह्यांवर भागवावे व पहाटे परतताना वाटेवरील तळणाचा मोह टाळावा.

किती व किती वेगाने?

महिन्यास दीड-दोन किलो वजन घटणे पुरेसे आहे. आठ दिवसांत दहा किलो उतरविणाऱ्या चूर्णांच्या जाहिरातींवर एक पैसाही खर्च करू नये. थोड्या घटीचाही लाभ मोठा असतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी वजन ७ टक्क्यांनी घटविण्याचे व आठवड्यास १५० मिनिटे चालण्याएवढा व्यायाम करण्याचे ध्येय ठेवले. त्यामुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. सत्तर किलोच्या माणसास हे ध्येय पाच किलोचे होते. चेन्नईतील २००६ सालच्या भारतीय प्रयोगात आहार व चालणे ह्यांमुळे हे प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटले. विशेष हे, की तेथे सरासरी वजनात फारसा फरक पडला नव्हता. तेव्हा काटा हलला नाही म्हणून निराश होऊन चांगला आहार सोडू नये. रोज अर्धा तास झपझप चालावे; ज्यांच्याकडे थोडी जमीन उरली आहे, त्यांनी खुरपे व कुदळ हाती धरावी. स्नायू टिकविण्यास ह्यासारखा व्यायाम नाही.

एक सूचना महत्त्वाची आहे. जे मधुमेहाच्या अथवा रक्तदाबाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेत आहेत, त्यांनी आहार एकदम कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. अन्यथा रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

परसबाग व ग्रामकार्यकर्त्याचे काम

पाच माणसांस रोज दोन किलो भाजी लागते. ती विकत घेणे अनेकांना परवडत नाही. शेती गेली, तरी बहुतेक घरांभोवती थोडी मोकळी जागा राहिलेली असते. तेथे न्हाणीचे साबणविरहित सांडपाणी वळवून शेवगा, कढीपत्ता, अळू व केळ लावावी. वाफ्यांत मेथी, शेपू, माठ, पालक ह्यांची पेरणी एकाच वेळी न करता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी करावी. कुंपणावर दोडका, घेवडा व कारल्याचे वेल चढवावेत. जागाच नसेल, तर गच्चीवरील जुनी पिंपे व गोण्या ह्यांतही पालेभाजी येते. जमीनधारकांनी घरापुरती बाजरी राखताना लोहयुक्त 'धनशक्ती' ह्या वाणाचा विचार करावा व बांधावर हुलगा-मटकीच्या चार ओळी टाकाव्यात.

ग्रामकार्यकर्त्यांनी हा विषय भाषणापुरता ठेवू नये. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींच्या आरोग्याची जी प्रश्नावली भरते, तीत कमरेचा घेरही नोंदविला जातो. आरोग्य उपकेंद्रांत रक्तदाब व रक्तशर्करा तपासण्याची सोय असते. ग्रामसभेच्या अथवा बचतगटाच्या बैठकीच्या दिवशी टेप, वजनकाटा व स्वयंपाकघरातील तराजू एकत्र आणून दहा-वीस कुटुंबांची मोजणी करावी, महिन्याच्या खरेदीची यादी लिहून घ्यावी व तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. हळदी-लग्नाच्या जेवणात एक तळलेला पदार्थ कमी करून एक कोशिंबीर वाढविण्याचा ठराव गावाने केला, तर शंभर व्याख्यानांपेक्षा तो अधिक परिणामकारक ठरेल.

चाकण-पिंपरी पट्ट्यातील शेतकऱ्यास जमिनीचा मोबदला एकदाच मिळाला. तो मुलांच्या शिक्षणास लागावा, सुनेच्या नावे चार गुंठे घेण्यास लागावा. मधुमेहाने बिघडलेली मूत्रपिंडे व पायाच्या जखमा ह्यांच्या उपचारात तो संपू नये. मातीची तपासणी करून खताची मात्रा ठरविणारा शेतकरी आपल्या देहासाठीही तोच नियम लावू शकतो. ज्या शिवाराने त्याला आजवर पोसले, त्या शिवारातील बाजरी, हुलगा, मेथी व ताक आजही त्याच्या हाताशी आहेत. त्यांना ताटात त्यांची जागा परत द्यावी, तेल-साखरेची जागा आवरावी व येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस टेप काढून पहिली मोजणी करावी.